अठरा फुटांतले सहा

समतेचा मार्ग माझ्या पाठीवरून जातो. शाळेचे दार ज्यांच्यासाठी कधी उघडलेच नाही, त्यांना मी हाताला धरून आत नेतो. माझ्यावाचून शाळा म्हणजे नुसत्या चार भिंती आणि एक घंटा. माझ्याविषयी ठराव झाले, अहवालांत माझे नाव छापून आले, माझ्यासमोर फीत कापली गेली आणि त्या प्रसंगी तीन वक्त्यांचे डोळे पाणावले.

हे सगळे अगदी खरे आहे. फक्त पहिल्या नऊ वर्षांत माझ्या पाठीवरून वर कोण कोण गेले, याची यादी जरा आखूड आहे. एक लोखंडी कपाट, पाण्याचे एक पिंप आणि दोन मांजरे. त्यांतले एक मांजर अर्ध्यातून परत फिरले.

मित्रांनो, मी एक जुना लाकडी रॅम्प आहे.

माझा जन्म एका तक्त्यामुळे झाला. वरच्या कार्यालयातून शाळेला दरवर्षी एक छापील तक्ता येई. त्यात एका वर्षी नवा प्रश्न निघाला, ‘शाळेत रॅम्प आहे काय? होय / नाही’. शाळेच्या मुख्य इमारतीला दारापाशी तीन पायऱ्या होत्या. त्या कोणाला कधी आड आल्या नव्हत्या. कारण ज्यांना त्या आड येत, ते शाळेत येतच नसत. तेव्हा तक्रारही नव्हती. पण ‘नाही’वर खूण करायची म्हणजे शाळेची शोभा, म्हणून सुतारकाकांना बोलावणे गेले.

सुतारकाका कानावर पेन्सिल ठेवून आले. त्यांनी टेप लावली आणि पायऱ्यांची उंची मोजली. ती भरली दीड फूट. “एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते,” ते म्हणाले. “म्हणजे अठरा फूट झाले. त्याच्या आत केलं तर तो रॅम्प नव्हे, घसरगुंडी.” मग त्यांनी अठरा फुटांच्या हिशेबाने चांगल्या जाड फळ्या आणल्या, रंधा मारून ठेवल्या आणि त्यांना तेलपाणी केले. त्या दिवसांत मी अठरा फूट होतो. आयुष्यात आपण कधीतरी पूर्ण होतो ही आठवण माणसालाच नव्हे, लाकडालाही जन्मभर पुरते.

तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष आले. त्यांची गाडी फाटक आणि पायऱ्या यांच्यामध्ये उभी राहत असे. ती तिची जागाच होती म्हणा ना. शाळेतल्या कित्येक मुलांना बाकावर ठरलेली जागा नव्हती, पण गाडीला होती.

“अठरा फूट?” अध्यक्ष म्हणाले. “आणि मी गाडी कुठं लावू? डोक्यावर?”

“साहेब, गाडीला चाकं आहेत. जाईल की पलीकडच्या भिंतीपाशी.”

“अहो, फॉर्ममध्ये ‘आहे का’ एवढंच विचारलंय. ‘किती लांब’ असं विचारलंय का?”

काकांनी तो तक्ता उलटासुलटा करून पाहिला. खरोखरच विचारलेले नव्हते. संध्याकाळपर्यंत मी सहा फूट झालो. उरलेल्या बारा फुटांच्या फळ्या वाया कशाला घालवा, म्हणून त्यांचे सभागृहात व्यासपीठ झाले. मला दारात ठेवण्याआधी काकांनी मला उपडे केले, कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या पोटावर काहीतरी लिहिले. मला वाचता येत नव्हते. स्वतःच्या पोटावरचे तर कोणालाच वाचता येत नाही.

माझे उद्घाटन झाले तेव्हा वक्ते त्याच व्यासपीठावर उभे होते. म्हणजे माझ्या सख्ख्या भावंडांच्या डोक्यावर उभे राहून मंडळी माझी स्तुती करत होती. “ही शाळा सर्वांची आहे,” असे अध्यक्ष म्हणाले. टाळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मुले माझ्यावरून घसरू लागली. एकाची चड्डी फाटली. लगेच माझी उचलबांगडी झाली आणि मला वरच्या मजल्यावरच्या अडगळीच्या खोलीत ठेवण्यात आले.

मित्रांनो, हे नीट ऐका, कारण हे मी रचून सांगत नाही. ज्याला पायऱ्या चढता येत नाहीत त्याच्यासाठी केलेली वस्तू या लोकांनी बावीस पायऱ्या चढवून वर ठेवली, आणि त्यात कोणालाही काही खटकले नाही. धूळ बसू नये म्हणून ‘शाळा सर्वांची’ असे लिहिलेला कापडी फलक माझ्याभोवती गुंडाळला. त्या फलकालाही तेवढीच एक नोकरी होती.

वर्षातून एकदा तपासनीस येत. त्या दिवशी चार माणसे मला खाली आणत. माझ्यावरून कोणी घसरून पडू नये म्हणून माझ्या दोन्ही कडांना फुलझाडांच्या कुंड्या मांडत. मधे मांजर जाईल एवढी वाट राही. मांजरांचा उल्लेख मी मघाशी केलाच. तपासनीस लांबून बघत, ‘होय’वर खूण करत, चहा पीत आणि जात. तासाभराने मी पुन्हा वर. नऊ वर्षे ही नोकरी मी इमानेइतबारे केली. तुम्ही म्हणाल, लाकडाला राग येतो का? येतो. तो बाहेर पडत नाही, म्हणून तुम्ही त्याला तडा म्हणता.

दहाव्या वर्षी भिंगरी पाचवीत गेली.

भिंगरी हे तिने स्वतःच घेतलेले नाव. तिची चाकाची खुर्ची ती जागच्या जागी अशी गरकन फिरवी की बघणाऱ्याला भोवळ यावी. चौथीपर्यंतचे वर्ग अंगणाला लागून असलेल्या बैठ्या खोल्यांत भरत, तिथे उंबरासुद्धा नव्हता. पाचवीचा वर्ग मात्र मुख्य इमारतीत, त्या तीन पायऱ्यांच्या पलीकडे. तिला आत्याने वाढवले होते. आत्या बसमध्ये कंडक्टर होती. आवाज असा, की तिने घरात “मीठ दे” म्हटले तर शेजारच्या घरातून मीठ येई.

पहिल्या दिवशी आत्या तिला घेऊन पायऱ्यांपाशी आली. शाळेच्या शिपाईमामांनी अदबीने सांगितले, “ताई, रॅम्प आहे आपल्याकडे.”

“मग लावा की.”

“वरच्या मजल्यावर आहे. तीन दिवस आधी अर्ज लागतो.”

आत्याने मामांकडे बघितले. मग पायऱ्यांकडे. मग वर. “मामा, आग लागली तर बंबालाही अर्ज करता का हो तुम्ही?”

नियम मामांचा नव्हता, मला जिन्यावरून उतरवणारी कंबर तेवढी त्यांची होती. आत्याने अर्ज लिहिला. चौथ्या दिवशी मला खाली आणून पायऱ्यांवर ठेवले, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा एक खरीखुरी चाकाची खुर्ची माझ्या दिशेने आली. मित्रांनो, माझे ऊर भरून आले. तिने चाकांना जोर दिला, हातभर वर आली, आणि पुढची दोन्ही चाके हवेत उचलली गेली. खुर्ची मागे कलंडली. आत्याने झेप घेऊन धरली म्हणून, नाहीतर पोरीचे डोके फरशीवर आपटले असते.

मी उभा चढ होतो. मी मदत नव्हतो, सापळा होतो. सुतारकाकांनी सांगितले होते तेच.

यावर तोड म्हणून असे ठरले की भिंगरीने वर्गाच्या खिडकीबाहेर, पत्र्याच्या आडोशाला बसून शिकावे. मला पुन्हा वर नेण्याचा उत्साह कोणात उरला नव्हता, म्हणून मला त्याच खिडकीशेजारी भिंतीला उभे टेकवून ठेवले. पाठ भिंतीकडे, पोट बाहेर. असे आम्ही दोघे शेजारी झालो. खिडकीतून तिला फळ्याचा डावा अर्धा भाग दिसे. म्हणजे गणितातले प्रश्न दिसत, उत्तरे दिसत नसत. ती उत्तरे खडूने माझ्या पोटावर काढी. तिची बहुतेक बरोबर येत.

हा मुक्काम कायमचा नव्हता. शाळेने आत्याच्या हातात एक कागद दिला होता. त्यावर छापले होते, ‘माझ्या पाल्याने घरी राहून शिकावे अशी माझी इच्छा आहे.’ महिनाअखेर सही हवी होती. सही झाली की आठवड्याला एकदा स्वाध्यायाची पाने घरी येणार आणि भिंगरीचे नाव हजेरीतून एका वेगळ्या वहीत जाणार. अशा वहीत गेलेले मूल परत आलेले मामांनी तरी पाहिले नव्हते.

“माझी इच्छा?” आत्या म्हणाली. “मला न विचारता छापलीत पण?”

आता शाळेचे दिवसही तसे धड नव्हते, हे सांगितले पाहिजे. आमची शाळा बंद करून दुसऱ्या शाळेत मिसळणार, अशी बातमी तीन वर्षे उठत होती. दर सोमवारी आदेश येणार असे म्हणत आणि मंगळवारी तो पुढच्या सोमवारवर जाई. कायम मुख्याध्यापक नेमलेला नव्हता. तीन वर्षांत चार प्रभारी येऊन गेले. मुख्याध्यापकांच्या नव्या खुर्चीवरचे प्लॅस्टिकसुद्धा कोणी काढले नव्हते. आता पाचव्या बाई आल्या होत्या, त्याही तीन महिन्यांसाठी. शिक्षकांनी त्यांचे नाव ‘तात्पुरत्या बाई’ ठेवले. समोर नव्हे अर्थात.

अशा वेळी प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर तयार असते, ‘आधी शाळा टिकते का ते बघू.’ गळक्या छपराला तेच, फुटक्या नळाला तेच, भिंगरीलाही तेच. मला एवढेच नवल वाटे की अध्यक्षांच्या गाडीची जागा मात्र कुठल्याही आदेशाची वाट न बघता पक्की होती.

अकराव्या दिवशी भिंगरीने माझ्या पोटावरचा खडू ओल्या फडक्याने पुसला आणि थांबली. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीची अक्षरे होती. तिने मोठ्याने वाचले, “अठरा फूट हवेत. सहा करायला लावले. यावर कोणाला चढवू नये. — सुतार.”

दहा वर्षे माझ्या पोटात होते ते असे ओठांवर आले.

नेमक्या त्याच वेळी तात्पुरत्या बाई फेरी मारत तिथून चालल्या होत्या. त्या थांबल्या. त्यांनी डोके वाकडे करून ते वाचले. मग त्यांनी विचारले, “तू इथं का बसतेस?”

“मी बसत नाही बाई,” भिंगरी म्हणाली. “मला बसवलंय.”

बाईंनी ऑफिसात जाऊन खुर्चीवरचे प्लॅस्टिक टरकावून काढले. तो आवाज मला खिडकीपर्यंत ऐकू आला. मग त्यांनी अध्यक्षांना बोलावून घेतले आणि दोघे बोलत बोलत अंगणात आले. आत्या भाचीला न्यायला आलीच होती.

“बाई, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य,” अध्यक्ष म्हणाले. असे म्हणणाऱ्या माणसाच्या पुढच्या शब्दाकडे लक्ष ठेवावे. “पण आदेश येईपर्यंत थांबा. सध्या सगळंच अनिश्चित आहे.”

“किती दिवस थांबायचं?”

“ते कसं सांगणार?”

“मग पाचवी किती दिवस थांबेल? तिचं वर्ष चालू झालंय साहेब. ते काही अनिश्चित नाही.”

“एका मुलीसाठी सगळी व्यवस्था हलवायची म्हणजे...” अध्यक्षांनी हात पसरले. “शेवटी जागेचा प्रश्न आहे.”

इथे आत्याला राहवले नाही. “जागेचा? साहेब, चाळीस सीटच्या गाडीत मी रोज सत्तर माणसं घेते. ‘पुढं सरका, आत जागा आहे’ म्हणून घसा बसला माझा. तुमच्या एवढ्या मोठ्या शाळेत एक पोरगी मावत नाही? आणि ती तर बसायला खुर्चीसुद्धा घरून आणतेय!”

मामांनी तोंड फिरवून खोकल्याचे सोंग केले. अध्यक्ष गाडीत बसून निघून गेले.

बाईंनी मोकळ्या झालेल्या त्या जागेकडे बघितले. मग मामांना म्हणाल्या, “मामा, उद्यापासून पाचवीचा वर्ग इथं भरेल. बाकं बाहेर काढा.”

“इथं? गाडीच्या जागेत?”

“जिथं वर्गातलं प्रत्येक मूल पोचतं, तिथं वर्ग. इमारतीत ते जमेल त्या दिवशी आत जाऊ.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आले, तर त्यांच्या जागेवर चौतीस मुले भागाकार करत होती. पस्तिसावी भिंगरी पहिल्या रांगेत, पूर्ण फळ्यासमोर. अध्यक्षांनी हॉर्न वाजवला. मुलांनी तो घंटा समजून पाणी प्यायला धाव घेतली. अखेर गाडी पलीकडच्या भिंतीपाशी गेली. तिला चाके होतीच.

शिक्षकांच्या खोलीत कुरकुर झाली. “तीन महिन्यांच्या पाहुणीला कशाला नसत्या उठाठेवी,” असे कोणी म्हटले. तिसऱ्या दिवशी पालकांचा एक घोळका तावातावाने आला. पुढे होता एका मुलाचा बाप. त्याचे बेकरीचे दुकान होते, हातांना पीठ तसेच होते.

“बाई, हा काय प्रकार? आमची मुलं बाहेर उन्हावाऱ्यात का म्हणून बसतील?”

“अगदी बरोबर,” बाई म्हणाल्या. “हाच प्रश्न मीही विचारतेय. एक मूल अकरा दिवस बाहेर होतं. तेव्हा कोणी आलं नाही, म्हणून मला वाटलं तुम्हाला चालतं.”

बेकरीवाल्याने भिंगरीकडे पाहिले. मग माझ्याकडे, मी अजून भिंतीला टेकून होतो, पोट दाखवत. त्याने ती तीन वाक्ये दोनदा वाचली. “हे काय प्रकरण आहे?” असे जरा खालच्या पट्टीत विचारले. आणि ऐकून घेतल्यावर, अध्यक्षांच्या खोलीकडे ज्या तावाने गेला, तो आधीच्या तावापेक्षा मोठा होता. घोळका मागोमाग.

चौथ्या दिवशी सुतारकाका आले. केस पांढरे झाले होते, पेन्सिल त्याच कानावर होती. “मी तेव्हाच म्हणालो होतो,” हे वाक्य त्यांनी दहा वर्षे जपून ठेवले असणार. ते त्यांनी चार वेळा वापरले, आणि कोणी अडवले नाही. “लाकूड कुठून आणायचं?” असा प्रश्न निघाला तेव्हा ते सरळ सभागृहात गेले आणि व्यासपीठाचा पहिला खिळा उपटला.

“अहो, मग भाषणं कशावर करायची?” अध्यक्षांनी विचारले.

“जमिनीवरून करा साहेब. ऐकू येतं.”

अशी दहा वर्षांनी माझी भावंडे घरी आली. सहा आणि बारा, अठरा. पूर्वी मी एकटा दीड फूट चढायचो आणि बदनाम व्हायचो. आता माझ्या वाट्याला अर्धाच फूट येतो. भावंडांना अजून पूर्वीचा थोडा तोरा आहे. पाऊल पडले की भाषणाला सुरुवात केल्यासारखी करकरतात. होईल सवय.

मला पायऱ्यांना पक्के ठोकले. दोन्ही बाजूंना कठडा लावला. संध्याकाळी भिंगरी फाटकाजवळून निघाली. मागून आत्याने खुर्चीला हात लावला होता. पहिल्या फळीवर चाक चढले तेव्हा ती म्हणाली, “आत्या, हात काढ.”

आत्याने हात काढला. भिंगरी चढत गेली. मधे एकदा थांबली, दम खाल्ला, पुन्हा चाके फिरवली. दारापाशी पोचल्यावर तिने एक गरकन गिरकी घेतली आणि आत निघून गेली. मागे वळून बघितले नाही. बरोबरच आहे. तुम्ही रोज शाळेत शिरताना पायऱ्यांचे आभार मानता का?

ते छापील संमतीपत्र आत्याने बाईंना परत दिले, कोरे. बाईंनी त्याच्या पाठीमागे मामांना वर्गाचे नवे वेळापत्रक लिहून दिले.

आता तुम्ही वाट बघत असाल, की पुढे अध्यक्षांचा पाय मोडतो, ते माझ्यावरून चढतात आणि त्यांना उपरती होते. तसे काही झालेले नाही. त्यांचे पाय ठणठणीत आहेत. मात्र ते पायऱ्या सोडून माझ्यावरूनच येतात, सोपे पडते म्हणून. सगळेच येतात. पाण्याचे पिंप आणणारे मामा, काठी टेकत नातवाला सोडायला येणारे आजोबा, दिवस भरत आलेल्या चित्रकलेच्या बाई. एका मुलीसाठी म्हणून जे करायचे नव्हते, ते कोणाकोणासाठी होते हे झाल्यावर कळले.

शाळेचा आदेश अजून यायचा आहे. येत्या सोमवारी येणार म्हणतात. तात्पुरत्या बाईंचे तीन महिने भरले आणि त्या गेल्या. जाताना त्या माझ्यावरून उतरल्या आणि मधल्या फळीवर थांबून टाचेने दोनदा ठोकून पाहिले, पक्का आहे की नाही. मला मिळालेल्या कौतुकांत डोळे पाणावलेली तीन भाषणे आहेत. पण मी ते दोन ठोके जपून ठेवले आहेत.

तेव्हा मित्रांनो, माझ्या या कथेतून दया शिकू नका. दयेने मला नऊ वर्षे फलकात गुंडाळून ठेवले होते. तुमच्या शाळेत ‘आहे का?’ या प्रश्नाला कोणी ‘होय’ म्हटले, तर टेप घेऊन जा आणि मोजा. कोण आत आलेले नाही ते मोजा. खिडकीबाहेर कोण आहे ते बघा. काळ कठीण आहे, जरा थांबा, असे कोणी सांगेल. त्याला विचारा, थांबणारा नेहमी तोच का? आणि ज्याची गाडी सावलीत उभी आहे, त्याला पहिल्यांदा विचारा.

एवढे मोठे बोललो, आता एक लहानशी विनंती. सहावे प्रभारी आले आहेत. माणूस सज्जन आहे, झाडांची फार आवड. काल त्यांनी शोभेसाठी माझ्यावर दोन कुंड्या आणून ठेवल्या. येताजाता कोणीतरी त्या तेवढ्या खाली उतरवा. जड नाहीत, एका हाताने उचलता येतात. आणि उचलल्याच आहेत तर झाडांना घोटभर पाणीही घाला. त्यांचा यात काही दोष नाही.